शब्द येत नाही

मंगळवार, १४ मार्च १९७२, सकाळी अकरा. हावड्याच्या कारखान्यातली दुसऱ्या मजल्यावरची बैठकीची खोली. हजर: श्री. माथुर, दिल्ली कार्यालय, चौकशी अधिकारी. श्री. कृष्णमूर्ती, दिल्ली कार्यालय, सदस्य. निहारबाबू, कॉम्प्युटरचे देखभाल अभियंता. चौकशी त्यांचीच होती. श्रीमती केळकर, नियंत्रण विभाग, साक्षीदार. टंकलेखक एक. गैरहजर कुणी नाही.

ही हजेरी मीच लिहिली होती; त्यातली साक्षीदारही मीच. बैठक कुणाचीही असो, हजेरीचं काम माझ्याकडे यायचं, कारण माझं अक्षर स्वच्छ होतं आणि माझ्या कागदात कधी खाडाखोड नसायची. त्या दिवशी खोलीत शिरताना निहारबाबूंनी माझ्यासाठी दार धरून ठेवलं होतं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं त्यांनी मशीनजवळ काढायची की नाही, एवढंच त्या बैठकीत ठरायचं होतं. आणि ते ठरायचं होतं माझ्या हातच्या एका नोंदीवरून.

आमची कंपनी सरकारी. बंदरावरच्या क्रेन आणि पुलांच्या तुळया बनवायची. कोणत्या तुळईवर किती भार येईल याचे हिशेब पूर्वी बाराजण टेबलाशी बसून करत. १९६८ साली खिदिरपूरच्या धक्क्यावर खोकी उतरली आणि ते काम कॉम्प्युटरकडे गेलं. कॉम्प्युटर नवा नव्हता. विलायतेतल्या एका कारखान्याने आठ वर्षं वापरून काढून टाकलेला होता. कपाटाएवढ्या पाच पेट्या, एक लांब टेबल आणि भोकं पाडलेल्या कागदी फिती. आम्ही त्याला कॉम्प्युटर कधी म्हटलंच नाही. मशीन म्हणायचो.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे मी पुण्याहून कलकत्त्याला आले होते. गणितात एम. ए. होते, वय चौतीस. बालीगंजहून रोज बस, मग लाँचने नदी ओलांडून हावडा. माझं काम असं: कोणती फीत मशीनमध्ये कधी गेली, निकाल कधी आला, मशीन कधी बिघडलं, ते सगळं तारीखवार लिहून ठेवणं. मशीन बिघडल्याचं रजिस्टर वेगळं होतं, लाल पुठ्ठ्याचं. नोंद मी करायची, खाली सही निहारबाबूंनी.

पहिल्या दिवशी मी मशीनच्या खोलीत चपला घालून गेले. एक किडकिडीत, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ जमिनीवर मांडी घालून बसले होते. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत फक्त मोजे. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, हात जोडले आणि दाराकडे बोट दाखवलं. मी चपला काढून आले. मग ते हिंदीत म्हणाले, "आता बोला. मराठी?"

"हो."

"बंगाली येतं?"

"शिकायचंय."

"छान. मग मी तुमच्याशी हिंदी बोलणार नाही." आणि लगेच बंगालीत, "आपनार शिक्खा आज थेके शुरू."

तुमची शिक्षा आजपासून सुरू. माझा चेहराच उतरला. चपलांबद्दल कसली शिक्षा? त्यांना काय झालं ते कळेना. शेवटी मी तुटक हिंदीत विचारलं, तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक वाक्य म्हणायला सांगितलं आणि वर म्हणाले, "चेष्टा कोरून." मी म्हटलं, "मी कुणाची चेष्टा करत नाही, निहारबाबू." पुन्हा हसू. चेष्टा म्हणजे प्रयत्न.

मी वही केली. दोन्ही भाषांत दिसायला एक, अर्थाला वेगळे, असे शब्द. दीड वर्षात एकतीस झाले. दर शनिवारी निहारबाबू वही तपासत, तांबड्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. माझ्याहून वयाने वीस वर्षं मोठे असून ते मला दिदी म्हणत आणि "आपनी", म्हणजे तुम्ही, म्हणत. मी चुकले की ते कधी दुरुस्त करत नसत. माझंच वाक्य स्वतः बरोबर करून पुन्हा बोलत, जणू त्यांनाच ते म्हणायचं होतं. बालीगंजच्या मराठी मंडळींत मला 'अर्धी बंगालीण' म्हणू लागले. मला ते आवडायचं. भाजीवाल्याशी मी मुद्दाम मोठ्याने बंगाली बोलायची.

त्या काळात मशीन येणं ही साधी गोष्ट नव्हती. मशीन आलं की माणसं जातील, म्हणून फाटकावर घोषणा चालायच्या. निहारबाबू स्वतः युनियनचे सभासद. वर्गणी भरायचे, मोर्च्यालाही जायचे, आणि साडेनऊला त्याच घोषणांमधून वाट काढत मशीनकडे यायचे. घोषणा देणारे मध्येच थांबून ओरडत, "ओ निहारदा, बोउ केमोन आछे?" बायको कशी आहे? बायको म्हणजे मशीन.

"कथा बोल्छे," निहारबाबू चालता चालता सांगत. बोलतेय.

"आम्हालाही बोलू दे म्हणून सांग तिला!"

"तुमचंही ऐकते. तुम्ही एकच वाक्य चार वर्षं बोलताय, म्हणून झोप येते तिला." सगळे हसत आणि पुन्हा घोषणा सुरू होत.

मशीन बोलतं ही थट्टा नव्हती. त्याला पडदा वगैरे काही नव्हता. आत काय चाललंय ते समजायला दोनच वाटा होत्या: पुढच्या फळीवरचे दिवे आणि टेबलाच्या कडेला बसवलेला एक छोटा स्पीकर. मशीन काम करू लागलं की आतून त्या स्पीकरला टिचक्या जात. टिचक्या भराभर पडल्या की त्यांचा सूर व्हायचा. बेरजा चालू असतील तेव्हा एक सूर, फीत वाचताना दुसरा, आणि अडकून तिथल्या तिथे फिरू लागलं की एकसारखी पिपाणी. ऐकायची सवय झालेल्या माणसाला दिवे बघावेच लागत नसत.

पण खोकी उघडली तेव्हा तो स्पीकर बोटीतल्या दमट हवेने कुजलेला होता. त्याच्या कागदाला बुरशी आली होती. विलायतेहून दुसरा मागवायचा तर वर्ष गेलं असतं. निहारबाबूंनी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून एका मोठ्या रेडिओचा स्पीकर आणला आणि जोडला. मशीन चालू केलं. स्पीकर नुसता खरखरला. तारा तपासल्या, जोड तपासले, सगळं ठीक. आमच्या विभागाचे साहेब म्हणाले, "सोडा हो, हिशेब तर होताहेत ना? गाणं कशाला हवंय?"

"सर, डॉक्टरला नाडी कशाला हवी?" निहारबाबू म्हणाले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आगे शुनुन, पोरे खुलुन." आधी ऐका, मग उघडा. कोणी मशीनपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन आलं की ते हे म्हणत आणि पाच मिनिटं त्याला हात लावू देत नसत. त्या स्पीकरच्या बाबतीत ते पाच मिनिटं नाही, पाच दिवस बसले. डोळे मिटून ती खरखर ऐकत. दुपारी दाराबाहेर जाऊन मुरमुरे आणि हिरवी मिरची खात, कारण खोलीत कण पडलेला त्यांना चालायचा नाही, आणि पुन्हा येऊन बसत. सहाव्या दिवशी मला हाक मारली.

"दिदी, चूक स्पीकरची नाही, तारेचीही नाही. गाडीवानाची आहे."

मशीनबरोबर एक आखूड फीत आली होती. सकाळी सर्वांत आधी ती मशीनमध्ये घालायची. तिचं काम एवढंच, की टिचक्या किती लांबीच्या आणि किती अंतराने द्यायच्या ते मशीनला सांगायचं. म्हणजे स्पीकरला हाकणारी तीच. निहारबाबू तिला 'गाड़ोयान' म्हणत, गाडीवान. "हा गाडीवान त्या जुन्या, हलक्या बैलाचा," ते मला समजावून सांगू लागले. "त्याला बोट लावलं तरी तो पळायचा. आपण बैल बदलला. हा जड आहे, रेडिओवर बातम्या सांगणारा. एका टिचकीने हा कूससुद्धा बदलत नाही. आणि गाडीवानाला कुणी सांगितलंच नाही की बैल बदललाय."

मग त्यांनी ती फीत नव्याने केली. एका टिचकीच्या जागी तीन, अंतर कमी. भोकं हाताने पाडायची. चुकीचं पडलं तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. आठ फिती फुकट गेल्या. नवव्या वेळी मी शेजारी उभी होते. मशीनमधून आधी एक घोगरा, मग स्वच्छ, गोल सूर आला आणि खोलीभर पसरला. निहारबाबू मोज्यांतल्या पायांची बोटं हलवत बसून राहिले. मग उठून बाहेर गेले आणि दाराबाहेरच्या शिपायाला मुरमुऱ्यांचा अख्खा पुडा देऊन आले.

तेव्हापासून गाडीवान रोज सकाळी सगळ्यांत आधी. मीसुद्धा सूर ओळखू लागले, पण त्यांच्यासारखं नाही. एकदा मी एका तुळईचे आकडे फितीवर चढवून दिले. मशीन सुरू झालं. निहारबाबू दाराबाहेर मिरची चावत होते. तिथूनच म्हणाले, "एटा तो कालकेर गान नोय." हे कालचं गाणं नाही.

"म्हणजे?"

"काल अशाच तुळईचा हिशेब चालला तेव्हा मधला आलाप लांब होता. आज छोटा आहे. तुमची एक ओळ गळली असेल."

मी फीत तपासली. गळली होती. नाहीतर ती चूक घेऊनच तुळई पुढे गेली असती. नियमाप्रमाणे ही चूक माझ्या नावावर रजिस्टरमध्ये लिहायला हवी होती. मी पेन उघडलं, तर ते म्हणाले, "मशीन बिघडलं का? नाही ना? मग या रजिस्टरमध्ये कशाला? फीत दुरुस्त करून आणा." माझ्या नावावर एकही चूक लागली नाही. लागू नये याची काळजी मी घेत होते असं मला वाटायचं.

आता शुक्रवार, ७ जानेवारी १९७२. खिदिरपूरच्या धक्क्यासाठी एका मोठ्या क्रेनच्या तुळईचा हिशेब चालू होता. शनिवारपर्यंत तो संपवायचा होता. संध्याकाळी पाचच्या सुमारास माझ्या टेबलावरचा आतला फोन वाजला. मशीनच्या खोलीतून निहारबाबू. पंख्यांचा घरघराट, त्यातून त्यांचा आवाज: "लिखे निन, दिदी. शोब्दो आश्छे ना. मेशिन चोलुक. शोमबार देखबो."

लिहून घ्या. शब्द येत नाही. मशीन चालू दे. सोमवारी बघतो.

कॉम्प्युटरच्या कामात 'वर्ड' म्हणजे शब्द ही रोजची गोष्ट. मशीनच्या साठवणीच्या कपाटात आकडे ठेवायचे जे हजारो कप्पे, त्यातल्या प्रत्येक कप्प्यातल्या आकड्याला वर्ड म्हणतात. मला वाटलं, एक वर्ड येत नाही. आणि नुसतं तेवढं लिहिणं मला अर्धवट वाटलं. मी इंग्रजीत व्यवस्थित वाक्य केलं, त्याचं मराठी असं: 'साठवणीतून शब्द मिळत नाही. अभियंत्यांच्या सल्ल्याने मशीन चालू ठेवले आहे. सोमवारी पाहण्यात येईल.' 'साठवणीतून' हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी घातलं, नोंद पुरी दिसावी म्हणून.

सोमवारी त्यांनी स्पीकरची निखळलेली तार डाख देऊन जोडली, पण ते मला नंतर कळलं; तेव्हा फोनवर त्यांनी 'ठीक आहे' एवढंच सांगितलं. मी 'पाहिले. ठीक.' असं लिहिलं. त्यांनी दोन्ही नोंदींखाली सही केली, न वाचता. बाकी कुणाचाही कागद ते दोनदा वाचत. "तुम्ही लिहिलंत, मग वाचायचं काय?" असं मला म्हणत.

फेब्रुवारीत दिल्लीहून वार्षिक तपासणी आली. लाल रजिस्टर उघडलं गेलं. साठवणीतला एक कप्पा आकडे देत नव्हता हे माहीत असताना अभियंत्याने मशीन चालू ठेवलं, आणि त्याच दोन दिवसांत क्रेनच्या तुळईचा हिशेब झाला! कारखान्यात पोलाद कापायला सुरुवात झाली होती. ते काम थांबलं. सगळा हिशेब दुसऱ्या शहरातल्या मशीनवर पुन्हा केला गेला. शेवटच्या आकड्यापर्यंत तोच आला. तरी चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या रविवारी, दुपारी, मी बालीगंजच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शेजारची मिनू, वय सहा, पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटत होती. आतून तिची आई ओरडली, "शोब्दो कोरिश ना! बाबा घुमोच्छे!"

आवाज करू नकोस, बाबा झोपलेत.

माझ्या हातात नवऱ्याचा शर्ट होता. तो मी पिळलेलाच पुन्हा पिळला. बंगालीत शब्द म्हणजे आवाजही. आमच्या कंपनीत कुणी स्पीकरबद्दल बोलताना तो शब्द वापरलेला मी ऐकला असेल, नसेल. माझ्या वहीत तो नव्हता. एकतीस शब्द होते, हा नव्हता. निहारबाबूंनी सांगितलं होतं, आवाज येत नाही. एवढंच.

मंगळवारी मी हे सांगायचं ठरवून गेले होते, असं मला आजवर वाटत आलं आहे. खरं म्हणजे मी काहीच ठरवून गेले नव्हते.

माथुरसाहेबांनी नोंद वाचली. निहारबाबू उभे राहिले आणि त्यांच्या बंगाली हिंदीत म्हणाले, "सर, हम बोला था शोब्दो. साउंड. मशीन का आवाज नहीं आता था. स्टोर का बात हम बोला ही नहीं."

"शब्द माने शब्द," माथुर म्हणाले. "हमारे यहाँ भी वही है. और नीचे दस्तखत आपके हैं."

"बांग्ला में शोब्दो आवाज को भी बोलता है, सर. किसी को भी पूछिए."

"किसी को भी माने आपके ही लोगों को." माथुरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मिसेस केळकर, तुम्ही बाहेरच्या आहात आणि तुमचं बंगाली चांगलं आहे असं सगळे सांगतात. म्हणून तुम्हालाच विचारतो. असं म्हणतात का?"

एक ओळीचं उत्तर होतं. पण त्या ओळीच्या मागे बाकीचं आलंच असतं: चूक माझी, 'साठवणीतून' माझं, अकरा दिवस पोलाद कापणं थांबलं ते माझ्या स्वच्छ अक्षरामुळे. नियंत्रण विभागाच्या प्रमुखपदासाठी माझं नाव दिल्लीला गेलेलं होतं. बाई म्हणून पहिलीच. मी म्हणाले, "दोन्ही अर्थ होतात, सर. पण आवाजाला बहुतेक आवाजच म्हणतात."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. बंगालीत आवाज हाही शब्द आहे. मी तो ऐकलेला होता.

माथुरांनी निहारबाबूंकडे पाहिलं. "तो फिर?"

निहारबाबू माझ्याकडे वळले. मी कागदावर नजर ठेवली, पण त्यांचे हात मला दिसत होते. त्यांनी ते पाठीमागे घेतले. बाहेर लाँचचा भोंगा झाला. मग ते म्हणाले, "दिदी का बांग्ला अच्छा है, सर. हम ही सिखाया है. दिदी बोलती है तो ठीक होगा."

आणि बसले. ते आणखी एक वाक्य बोलले असते, दिदींना बंगाली नीट येत नाही एवढं जरी म्हणाले असते, तरी वाचले असते. ते त्यांनी म्हटलं नाही. आपण शिकवलेल्या माणसाची भाषा चारचौघांत कच्ची ठरवायची नाही, एवढंच असेल. किंवा मी पुढे काही बोलेन म्हणून ते थांबले असतील. मी विचारलं नाही.

त्यांना मशीनवरून काढून खिदिरपूरच्या गुदामात पाठवलं, निवृत्तीपर्यंत. मला मे महिन्यात बढती मिळाली. त्या खोलीत काय बोलणं झालं ते त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ऑफिसातल्या बंगाली मंडळींनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. उलट ती मला पूर्वीसारखाच चहा आणून देत राहिली आणि "आपल्या निहारदांवर अन्याय झाला, नाही का?" असं विचारत राहिली. मी मान हलवायची.

ऑगस्टमध्ये सुट्या भागांची यादी घेऊन मला खिदिरपूरला जावं लागलं. पत्र्याची शेड, आत तेलकट खोक्यांच्या रांगा, आणि टेबलाशी निहारबाबू. इथे पायांत बूट होते. "या, दिदी! बसा, बसा. पंखा इकडे फिरवतो." चहा मागवला. मी यादी पुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागले. बावन्न ओळी होत्या. सगळ्या वाचल्या, मग सही केली. त्यांच्या चेहऱ्यावर त्याबद्दल काही नव्हतं. गुदामात असंच करायचं असतं.

"मशीन कसं आहे?"

"बरं आहे."

"ऐकतं कोण?"

नव्या अभियंत्याने, वेंकटरामनने, कटकट नको म्हणून स्पीकर बंद करून ठेवला होता. मी म्हटलं, "वेंकटरामन आहेत."

"हुशार आहे?"

"पुस्तकातलं सगळं येतं."

त्यांनी यादीची घडी घालून मला परत दिली. मग खुर्ची पुढे ओढून, काहीतरी किरकोळ सांगावं तसं म्हणाले, "दिदी, एक काम कराल? त्या शुक्रवारच्या नोंदीखाली एक ओळ लिहून टाका. शोब्दो म्हणजे साउंड. बस."

मी चहाचा कप बशीत फिरवत राहिले. त्यांना वाटलं मी घाबरले. "नाही नाही, माझ्यासाठी नाही. माझं झालं. मी इथून परत जायचा नाही. पण पुढचा माणूस ते रजिस्टर वाचेल. त्याला वाटेल साठवणीत खोट आहे. तो चांगला भाग उघडून बसेल. त्या तारा केसाएवढ्या आहेत हो. उघडल्या की गेल्या."

"सोमवारी लिहिते," मी म्हटलं.

"लिहाल ना?"

"सोमवारी."

ते उठून शेडच्या दारापर्यंत पोचवायला आले. "बंगाली विसरू नका," म्हणाले. त्यांच्या गोड, बंगाली वळणाच्या मराठीत. तेवढं एक मराठी वाक्य ते माझ्याकडून शिकले होते. कधी, ते मला आठवेना.

सोमवारी दिल्लीचा माणूस आला होता. पुढच्या सोमवारी महिनाअखेर. ओळ लिहायची तर तारीख, सही, कारण हे सगळं घालावं लागतं आणि साहेबांची सही घ्यावी लागते. कारण काय लिहायचं? मी तीन मसुदे केले. तिन्ही नीट होते.

डिसेंबरात वार्षिक साफसफाईआधी वेंकटरामनने लाल रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. पुस्तकात तसं सांगितलेलंच आहे. तो रजिस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, साठवणीत जुना दोष दिसतोय. तुम्हीच लिहिलंय ना? बरं झालं. किती स्पष्ट लिहिलंय! नाहीतर इथल्या नोंदींचा अर्थच लागत नाही."

तेव्हा खरं सांगायला माझ्याकडे पाच सेकंद होते. माझ्या हातात पेन होतं.

त्याने साठवणीचं कपाट उघडलं. तीन आठवडे तो खराब कप्पा शोधत होता. कप्पा नव्हताच. एक तार तुटली, ती जोडताना आणखी तीन. त्यानंतर मशीन पुन्हा कधी नीट चाललं नाही. पुढच्या वर्षी ते निकालात काढलं. वेंकटरामनची बदली मद्रासला झाली. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, मी सगळं नियमानेच केलं ना?" मी म्हटलं, "नियमानेच."

निहारबाबूंना मी शेवटचं पाहिलं ते १९७४च्या पावसाळ्यानंतर, लाँचवर. ते निवृत्त झाले होते. हातात पिशवी, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली. मी मागच्या बाकावर होते. नदीच्या मध्यावर इंजिन दोनदा अडखळलं. सगळे घाबरून कडेला सरकले. निहारबाबू गर्दीच्या उलट दिशेने गेले, इंजिनाच्या झाकणापाशी ओणवे झाले आणि तिथल्या माणसाला काहीतरी सांगू लागले. तो आधी वैतागला, मग खाली उतरला. इंजिन सुरळीत झालं. ते उठले, गुडघे झटकले आणि मागे वळले. त्यांनी मला पाहिलं की नाही, मला माहीत नाही. मी पर्समध्ये तिकीट शोधायला लागले होते. धक्का आल्यावर दुसऱ्या बाजूने उतरले.

हे सगळं लिहितेय ते १९७९च्या फेब्रुवारीत. नवऱ्याची नागपूरला बदली झाली आहे आणि आम्ही महिनाअखेर निघणार आहोत. मी राजीनामा दिला आहे. घर आवरायची यादी केली आहे. तीत गॅसचा सिलिंडर, मुलाच्या शाळेचा दाखला, मिनूच्या आईची पातेली, सगळं आहे. गेल्या आठवड्यात कामाचा ताबा देताना हावड्याच्या रेकॉर्डच्या खोलीत गेले आणि लाल रजिस्टर काढून घेतलं. त्यात कुणी आता बघत नाही. मशीनच नाही. पण निहारबाबूंची चौकशी त्याच पानावर उभी आहे, आणि त्यांच्या कागदपत्रांत त्या पानाची नक्कल लावलेली आहे. ते शिवपूरला राहतात असं कळतं. तब्येत बरी असते.

नोंद सापडली. ७ जानेवारी, शुक्रवार. माझं अक्षर. खाली त्यांची सही, तिच्याखाली दोन बोटं मोकळी जागा. एक ओळ बसते. मी टोपण काढून पेन कागदावर टेकवलंसुद्धा. तिथे शाईचा एक ठिपका पडला आहे. तेवढ्यात दारातून कारकुनाने विचारलं, "मॅडम, हो गया?"

"हो गया," मी म्हटलं, आणि रजिस्टर त्याच्या हातात दिलं.

आज तारीख एकोणीस. निघायला नऊ दिवस आहेत. ओळ अजून लिहायची आहे.